न्हाणमावशी आणि तळ्यातली थोरली

एका गावात एक बाई होती, आणि तिनं न्हाऊ घातलं नाही असं एकही डोकं त्या गावात नव्हतं. पाटलाचं डोकं तिनंच न्हाऊ घातलेलं, पुजाऱ्याचंही, आणि ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खी तालीम चूप व्हायची त्या पहिलवानाचंसुद्धा. कोणाच्या घरी बाळ जन्मलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ही दारात हजर. हातात तेलाची वाटी, पदर कमरेला खोचलेला, आणि तोंडानं बाळाशी गप्पा सुरू, बाळ दिसायच्या आधीच. गाव तिला न्हाणमावशी म्हणायचं. तिचं खरं नाव आठवायला तिलाही थोडा वेळ लागत असे.

पाय लांब करून ती पाटावर बसायची, बाळाला पायांवर घ्यायची आणि आधी घंगाळात आपलं कोपर बुडवायची. राबून राबून हात निबर होतो, त्याला ऊन-गार कळत नाही, कोपराला कळतं, असं तिचं म्हणणं. मग तेल, मग डाळीचं पीठ, मग रिठ्याचं पाणी. रिठ्याचा फेस डोक्यावर घालताना तिचा डावा हात बाळाच्या डोळ्यांवर आडवा असायचा, कारण रिठा डोळ्यात गेला तर आग आग होते. चाळीस वर्षांत एकाही बाळाच्या डोळ्यात तिनं थेंब जाऊ दिला नव्हता. याचा तिला अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

खोड म्हणाल तर एकच. तिचे हात स्वस्थ बसत नसत. कोणी दोन शब्द बोलायला आलं तर बोलता बोलता ही तिच्या केसांतला गुंता सोडवायला घ्यायची. शेजारणीचे पापड उन्हात असले की उलटून ठेवायची, मग शेजारीण येऊन ते पुन्हा सुलटे करायची. झोपलेल्या बाळाचं अंगडं सारखं करायला जायची आणि बाळाला जागं करून यायची. पण सगळं मायेनं चाललेलं, म्हणून कोणी तिला काही म्हणत नसे.

त्याच गावात एक बाग होती आणि बागेत दगडानं बांधलेलं एक तळं होतं. फार मोठं नव्हे, चार बैलगाड्या उभ्या राहतील एवढंच. एका अंगाला पायऱ्या, दुसऱ्या अंगाला कमळं, वर बकुळीची सावली, आणि पाण्यात लाल-सोनेरी मासे. बागेचे माळीबुवा ते सगळं सांभाळायचे. त्यांची बायको लग्न होऊन या गावात आली तेव्हा रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी एक पितळी घागर होती, आणि घागरीत चार मासे होते. पाहुणे लाडू विसरून घागरीतच डोकावत राहिले, अशी आठवण म्हातारी माणसं अजून सांगत.

आता ती बाई राहिली नव्हती. तळ्यात पोहत होती ती तिच्या माशांची पिलावळ. पण त्या पहिल्या चारांतली एक मासोळी मात्र अजून होती. अंगानं ऐसपैस, कल्ल्याजवळ एक पांढरा ठिपका. तिला सगळे थोरली म्हणत. माळीबुवा रोज सकाळी खालच्या पायरीवर बसून तळवा पाण्यात ठेवायचे आणि थोरली संथपणे येऊन त्या तळव्याला तोंड टेकवून जायची. बायको गेल्यापासून माळीबुवांचा दिवस तिथून सुरू व्हायचा. ज्या दिवशी थोरलीला यायला उशीर होई, त्या दिवशी त्यांच्या हातचं खुरपंही जड होई.

एकदा माळीबुवांना लेकीच्या गावाहून सांगावा आला. मुलगी झाली आहे, आजोबांनी बारशाला यावं आणि आठ दिवस राहावं. माळीबुवांना आनंद झाला आणि लगेच काळजीही लागली. तळं कोणावर सोपवायचं?

“माझ्यावर,” न्हाणमावशी म्हणाली. “चाळीस वर्षं लोकांची लेकरं सांभाळली मी. मासे काय जड आहेत का मला?”

माळीबुवांनी तिच्या हातांकडे पाहिलं. ते हात तेवढ्या वेळातही त्यांच्या ओसरीवरची घोंगडी घडी घालत होते.

“मावशी, तीनच गोष्टी आहेत,” ते म्हणाले. “सकाळी चिमूटभर दाणा. चिमूटभर म्हंजे चिमूटभरच. मग तळ्याकाठच्या दगडी कुंडीतलं दोन घागरी पाणी तळ्यात सोडायचं, पायरीवरून, हळू. कुंडी पुन्हा विहिरीच्या पाण्यानं भरायची, पण ते पाणी उद्यासाठी. ताजं पाणी गार असतं, दिवसभर ऊन-वारा खाल्ला की मग ते माशांना सोसतं.”

“बरं. आणि तिसरी?”

“खालच्या पायरीवर बसायचं. रोज एकाच जागी.”

“बसून काय करायचं?”

“काय नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही, मावशी. तेच तर काम आहे. मासे आपल्याला बघत असतात. हे माणूस आपल्याला काही करत नाही असं एकदा त्यांना वाटलं की ते निवांत होतात. आणि निवांत मासा सहसा दुखणं घेत नाही.”

न्हाणमावशीला हे काम फारच सोपं वाटलं. तिनंही मग माळीबुवांना सांगून ठेवलं, “नात मांडीवर घ्याल तेव्हा मान सांभाळा. झोपली की हलवू नका. आणि सारखं सारखं वाकून बघायला जाऊ नका, दचकतं बाळ.”

“एवढं कळतं मला,” माळीबुवा म्हणाले.

“मलापण एवढं कळतं,” न्हाणमावशी म्हणाली.

पहिल्या दिवशी तिनं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. चिमूटभर दाणा टाकला, दोन घागरी पाणी सोडलं आणि खालच्या पायरीवर बसली. हात पदरात गुंडाळून घेतले. थोड्या वेळानं एक हात बाहेर आला, त्यानं पायरीवरचं पान उचललं. दुसरा आला, त्यानं पदराचं टोक पिळलं. एवढ्या वेळात वीस भाकऱ्या थापून झाल्या असत्या, असं तिच्या मनात येत राहिलं. तेवढ्यात थोरली कमळाखालून निघाली आणि सावकाश पायरीकडे येऊ लागली. “आली गं माझी बाय!” म्हणत न्हाणमावशी पुढं वाकली, बांगड्या खळखळल्या, आणि थोरली अशी वळली की पाण्यात नुसती एक रेघ उरली.

दुसऱ्या दिवशी मावशीला वाटलं, लेकरं नवखी आहेत, त्यांना रमवायला हवं. तिनं खुळखुळा आणला आणि पाण्यावर वाजवला. अंगाईही म्हटली, चांगली मोठ्यानं, पाण्याखाली ऐकू जावी म्हणून. मासे कमळाच्या पानांखाली गेले ते गेलेच.

तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, भुकेजली असतील. चिमूटभर दाण्यानं कोणाचं पोट भरतं? माळीबुवांचा हात मुळातच आखडता, असा निकाल तिनं देऊन टाकला आणि तूप लावलेल्या कणकेच्या गोळ्या पदरभर आणल्या. चार-दोन माशांनी खाल्ल्या. बाकीच्या बुडाल्या, तळाशी जाऊन फुगल्या, आणि पाणी ताकासारखं गढूळ दिसायला लागलं.

चौथ्या दिवशी तिनं माशांची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या, तळ्यावरून तीनदा ओवाळून तिथंच निखाऱ्यांत टाकल्या. माशांना काय वाटलं ते माहीत नाही, पण मावशी स्वतः डोळे पुसत बागेबाहेर पळाली आणि दुपारपर्यंत शिंकत राहिली.

एवढं करूनही थोरली काही वर येईना. न्हाणमावशी मनातून खट्टू झाली. आजवर तिच्याकडे पाठ फिरवणारं लेकरू तिला भेटलंच नव्हतं. पाचवा दिवस तिनं नुसता उसासे टाकण्यात घालवला. सहाव्या दिवशी तिची नजर पायऱ्यांवर गेली. खालच्या तीन पायऱ्या शेवाळानं हिरव्यागार झाल्या होत्या. मासे येता-जाता त्या शेवाळाला तोंड लावायचे, अंग घासायचे, आणि माळीबुवांनी ते मुद्दाम राखलं होतं. मावशीला हे कुठं ठाऊक? तिला वाटलं, बायको गेल्यावर पुरुषमाणसाच्या घराचं असंच होतं. असल्या घाणीत लेकरं कशी रमतील?

आणि तिच्या हातांना अखेर काम मिळालं. राख घेतली नाही, ती खरखरीत. चुना तर नाहीच. जे बाळाच्या टाळूला चालतं, लग्नाच्या शालूला चालतं, तेच तिनं घेतलं. बाळांच्या न्हाण्यासाठी रात्रीच भिजत घातलेले टोपलीभर रिठे खळखळून उकळले, चोळून चोळून फेस काढला, आणि नारळाच्या काथ्यानं तिन्ही पायऱ्या घासून लख्ख केल्या. वरून घागरींनी पाणी ओतलं. सगळा फेस वाहत वाहत तळ्यात गेला. पायऱ्या अशा निघाल्या की त्यांचा मूळचा काळा रंग गावानं पहिल्यांदा पाहिला. माळीबुवा तीन दिवसांनी येतील तेव्हा बघतच राहतील, या आनंदात ती घरी गेली.

सातव्या दिवशी सकाळी ती तळ्यावर आली आणि जागच्या जागी उभी राहिली. सगळे मासे वर आले होते! लहान, मोठे, झाडून सगळे. पाण्याला तोंडं लावून, आ करून, पायऱ्यांच्या अगदी जवळ. आणि मधोमध थोरली.

मावशीचा आनंद गगनात मावेना. ती बागेच्या फाटकाशी धावली आणि विहिरीवर निघालेल्या बायकांना हाका मारू लागली. “या गं या! बघा तरी! माझ्याकडं आली गं सगळी!” बायका आल्या, पाठोपाठ पुजारी आले, शेतावर निघालेला पाटील आला, पहिलवान आला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

“मावशी, कमाल आहे तुझी,” पाटील म्हणाला. “माळीबुवांच्या हाताला एकटी थोरली यायची. तुझ्या हाताला तर आख्खं तळं आलं!”

“माया लागते बाबा, माया,” मावशी म्हणाली, आणि सगळ्यांदेखत कणकेची एक गोळी थोरलीच्या उघड्या तोंडासमोर धरून सोडली.

गोळी थोरलीच्या ओठाला लागली आणि बाजूनं खाली गेली. थोरलीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिचं तोंड तसंच उघडत-मिटत राहिलं. मावशीनं दुसरी गोळी टाकली. तीही गेली.

भूक लागलेलं बाळ ओठाला लागलेलं दूध सोडत नाही, हे न्हाणमावशीएवढं त्या गावात कोणाला ठाऊक होतं? ती खाली वाकली, या खेपेला पहिल्यांदाच काही करायला नव्हे तर नीट बघायला. माशांचे कल्ले भराभरा हलत होते. छातीत कफ दाटलेलं बाळ श्वासासाठी असंच धडपडतं. कोपऱ्यात, पायरीच्या सांदीत, पांढऱ्या फेसाचा एक पुंजका अजून तरंगत होता.

तिनं बोट बुडवून फेस उचलला आणि हुंगला. रिठा.

तेव्हा तिला आपला डावा हात आठवला. रिठ्याचं पाणी घालताना बाळाच्या डोळ्यांवर आडवा धरायचा तो हात. या लेकरांच्या डोळ्यांवर कोणी हात धरला होता? त्यांना तर मिटून घ्यायला पापण्यासुद्धा नव्हत्या. सबंध रात्र ती त्या पाण्यात उघड्या डोळ्यांनी राहिली होती, आणि तेच पाणी श्वासाला घेत होती. न्हाणमावशीनं उरलेल्या गोळ्या बाजूला ठेवल्या आणि ती तिथंच पायरीवर बसली.

“काय झालं गं मावशी?” पुजाऱ्यांनी विचारलं.

“ही माझ्याकडं आलेली नाहीत रे,” ती म्हणाली. “ही मरायला लागलीत. मी मारलं यांना.”

पाटील तिच्याजवळ बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, “हे बघ, मासेच ते. पाण्याला काही रोग आला म्हणून सांगू माळीबुवांना. आम्ही कोणी बोलणार नाही. चाळीस वर्षांचं नाव आहे तुझं, ते कशाला घालवतेस?”

खोटं कशाला बोला, तिला तो धीर खरंच वाटला. एक क्षणभर वाटलाच. आपण घरी जावं, दार लावावं, आणि पाण्याला रोग आला असं आपल्यालाही पटवून घ्यावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण समोर थोरलीचं तोंड उघडत-मिटत होतं, आणि परवा माळीबुवा येऊन इथंच तळवा पाण्यात ठेवणार होते.

“नाव राहू दे बाजूला,” मावशी उठून म्हणाली. “पाणी हवंय मला. विहिरीचं गार नको, त्यानं आहेत तीही जातील. कालचं पाणी, रांजणातलं, मुरलेलं. आख्ख्या गावातलं.”

कुंडीत होतं ते जेमतेम दहा घागरी. बाकीचं घराघरांतून आणायचं होतं, आणि ज्याच्याकडं घरात भरून ठेवलेलं पाणी मागायचं त्याला कारण सांगायलाच हवं. न्हाणमावशी घरोघर गेली. ज्या उंबऱ्यांवरून ती चाळीस वर्षं मानानं आत गेली होती, त्या प्रत्येक उंबऱ्याबाहेर उभं राहून ती एकच वाक्य म्हणाली, “माझ्या हातून तळ्यात रिठा गेला, मासे तडफडतायत, तुमचं कालचं पाणी द्या.” पहिल्या दाराशी तिनं ते मान खाली घालून सांगितलं. पाचव्या दाराशी मान वर करून. दहाव्या दारानंतर सांगावंच लागलं नाही, लोकच घागरी घेऊन निघाले होते.

पहिलवानानं तळ्याच्या तळाशी असलेल्या मोरीचा बोळा ओढला आणि पाणी केळीच्या बागेकडं जाऊ लागलं. पाटलाला वाटलं, सगळंच काढून टाकावं, एकदाचं नवं भरावं. मावशीच्या जुन्या हातांनाही तेच वाटत होतं, घासून पुसून सगळं लख्ख. पण तिनं मान हलवली. नुकतं जन्मलेलं बाळ उबेतून काढून कोणी एकदम दुसऱ्या पाण्यात बुडवत नाही.

“थोडं जाऊ दे, थोडं येऊ दे,” ती म्हणाली. “पुन्हा थोडं जाऊ दे.”

ती कुंडीपाशी बसली, पाय लांब करून, पाटावर बसायची तशीच. येणारी प्रत्येक घागर तिच्यापुढं थांबायची. ती आपलं कोपर आधी तळ्यात बुडवायची, मग घागरीत. उबेला ऊब जुळली तरच घागर पुढं. “हे गार आहे, उन्हात ठेव. हे चालेल. ए पाटला, धबाधबा ओतू नकोस! पायरीवरून ओघळू दे. तुला असं ओतलं असतं मी तर आज पाटीलकी करायला राहिला नसतास.” पाटलानं निमूट घागर तिरकी केली. गाव इतक्या चिंतेत होतं, तरी दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला.

पाणी मुरलेलं होतं, बारीक धारेनं पायऱ्यांवरून उड्या घेत, वारा पीत तळ्यात उतरत होतं. दुपार कलायला लागली तेव्हा गावातले रांजण रिकामे झाले आणि मोरीचा बोळा पुन्हा बसवला गेला. मासे अजून वरच होते. तीन पिल्लं कुशीवर पडून तरंगत होती, त्यांच्यात काही उरलं नव्हतं. मावशीनं ती ओंजळीत उचलली.

“आता काय करायचं?” पहिलवानानं विचारलं.

मावशीला खूप काही करावंसं वाटत होतं. पाणी ढवळून बघावं, थोरलीला हातात घेऊन कुरवाळावं, तिच्याशी बोलावं. तिनं आपले दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

“आता काय नाही,” ती म्हणाली. “बसा सगळे. लांब बसा. कोणी हलू नका.”

आणि तिनं न्हाऊ घातलेली ती सगळी डोकी बकुळीखाली बसली. कोणी खाकरलंसुद्धा नाही. बराच वेळ गेला. मग एक लहान मासा तोंड मिटून खाली गेला. मग दुसरा. उन्हं तिरपी होईतो एकेक करून सगळे खाली गेले. थोरली सर्वांत शेवटी हलली, कमळाच्या पानांखाली शिरली आणि दिसेनाशी झाली. ती तिथं जगायला गेली की दुसऱ्या कशाला, ते कोणालाच सांगता आलं नसतं.

आठव्या दिवशी थोरली दिसली नाही. न्हाणमावशी सकाळपासून खालच्या पायरीवर बसून होती. दाणा टाकला नाही, हाक मारली नाही, बांगड्यासुद्धा घरी काढून ठेवून आली होती.

नवव्या दिवशी माळीबुवा येणार होते. ती वेशीपाशी जाऊन उभी राहिली. दुसऱ्या कोणी सांगायच्या आत आपण सांगायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. ते दिसल्यावर तिनं त्यांना पिशवीही खाली ठेवू दिली नाही, सगळं सांगून टाकलं. खुळखुळा, कणकेच्या गोळ्या, मिरच्यांचा धूर, रिठा. बकुळीखाली पुरलेली तीन पिल्लं. आणि शेवटी, “थोरली कालपासून दिसत नाही, माळीबुवा. या हातांनी तुमचं घर धुऊन टाकलं मी.”

माळीबुवांचा चेहरा उतरला. तसेच तळ्यापर्यंत चालत गेले आणि घासून काळ्या केलेल्या पायरीवर बसले. मावशी दोन पायऱ्या वर, अंग चोरून बसली. त्यांनी रागवावं असं तिला फार वाटत होतं, म्हणजे निदान मोकळं तरी झालं असतं.

माळीबुवांनी पिशवी शेजारी ठेवली आणि ते म्हणाले, “नात फार गोड आहे, मावशी.”

“हो का?” तिनं विचारलं.

“मीपण तुमचं ऐकलं नाही. झोपली की बघायला जायचो. श्वास चालू आहे का म्हणून नाकापाशी बोट धरायचो. ती दचकायची, रडायची. चौथ्या दिवशी लेकीनं मला हात धरून ओसरीवर आणून बसवलं. म्हणाली, बाबा, माशांपाशी बसता तसं बसा की हो जरा.” ते थोडं हसले, आणि मग डोळे पुसले. “माझी चूक बाळाच्या रडण्यावर भागली. तुमची तेवढ्यावर भागली नाही, एवढाच फरक.”

मग ते सरकले आणि पायरीवर जागा केली. “इकडं बसा. हात पाण्यात ठेवा.”

“माझा? हा हात?”

“हाच.”

मावशीनं हात पाण्यात ठेवला.

“आता काय करू नका,” माळीबुवा म्हणाले.

दोघं बसून राहिले. बकुळीचं एक फूल पाण्यात पडलं, फिरत फिरत तिच्या मनगटाला येऊन टेकलं. मावशीनं ते उचललं नाही. आणि मग कमळाच्या पानांखाली काहीतरी लाल हललं. कल्ल्याजवळ पांढरा ठिपका असलेली थोरली बाहेर आली, थांबली, पुढं आली, पुन्हा थांबली. थोरली सावकाश आली आणि मावशीच्या रिकाम्या तळव्याला तोंड टेकवून तशीच राहिली.

मावशीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिची पाचही बोटं त्या पाठीवरून एकदा, फक्त एकदा फिरायला आसुसली होती. ज्या हातांनी सबंध गाव न्हाऊ घातलं होतं, त्या हातांनी पहिल्यांदाच एका लेकराला हात लावला नाही.

तात्पर्य: ज्याच्यावर माया आहे त्याच्या पाण्यात आधी आपलं कोपर बुडवून बघावं, आपल्या हातांना काय करावंसं वाटतं, यापेक्षा त्या जिवाला काय सोसतं ते मोठं.